आधी लगीन ब्रेकचं



गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत एका जुन्या स्नेह्यांनी मला विचारलं, "काय हो, धाकटा अजून त्या गाडीच्या नादात आहे का?" 'नादात' हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, त्या सुरात आपल्याकडे दारूबद्दल बोलतात. मी "आहे" म्हणालो आणि मसालेभात वाढून घेतला. तेवढ्यात मागच्या एक वहिनी म्हणाल्या की त्यांच्याही मुलाने जुनी गाडी आणून ड्राइव्हवेत उभी केली आहे, तिच्यात मोठं इंजिन बसवायचं म्हणतो, आणि त्यावरून घरात बापलेकांचं बोलणं बंद आहे. पुढे रांग सरकली. त्या रांगेत जे सांगता आलं नाही, ते इथे लिहितो आहे.

माझं मत सरळ आहे. मुलाला किंवा मुलीला इंजिन बांधायला बंदी करू नका. मात्र रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी जास्त ताकदीचं इंजिन ही खरेदीच्या यादीतली शेवटची वस्तू असली पाहिजे. त्या यादीवर तुमचं काही चालावं असं वाटत असेल, तर तुम्हाला गॅरेजमध्ये उतरावं लागेल. मी उतरलो नव्हतो, आणि त्याची किंमत थोडक्यात निभावली.

आधी माझ्याविषयी दोन वाक्यं. मी मूळचा मंचरचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिन असेंब्लीवर चार वर्षं काढली. मग तुमच्यापैकी अनेकांसारखा मीही वाय-टू-केच्या लाटेत कोबोल शिकून १९९७ मध्ये न्यू जर्सीत आलो. त्यानंतर चोवीस वर्षं हाताला ग्रीस लागलं नाही. गॅरेज म्हणजे दुसरा फ्रिज ठेवायची जागा, एवढाच त्याच्याशी संबंध. दुधाचे गॅलन, धिरड्याचं पीठ, उरलेल्या पार्ट्यांचा कोक.

त्याच गॅरेजमध्ये २०१९ साली धाकट्याने १९८९ची मस्टँग आणून लावली. कॉलेजच्या पहिल्या उन्हाळ्यातल्या नोकरीचे पैसे आणि आजोबांनी दहावीला दिलेले पैसे एकत्र करून घेतलेली. ज्यांना या गाड्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: फोर्डने १९७९ ते १९९३ या काळात ज्या सांगाड्यावर मस्टँग काढली, तिला हौशी लोक 'फॉक्स बॉडी' म्हणतात. वजनाला हलकी, सुमारे ३,२०० पौंड. पुढे व्ही-८, ज्याला सगळे पाच लिटर म्हणतात, कारखान्यातून निघताना २२५ हॉर्सपॉवर. सुटे भाग मुबलक आणि स्वस्त. इकडच्या ड्रॅग रेसिंगच्या गावठी दुनियेत या गाडीला जो मान आहे तो आपल्याकडे खिल्लारी बैलाला असतो.

ही उपमा माझी नाही, माझ्या वडिलांची आहे. त्यांच्याकडे पुढे येतोच.

कोविडच्या वर्षी सगळे घरात अडकले, तेव्हा चिरंजीवांनी इंजिन उतरवलं. मी वर मीटिंगा करत होतो. खालून ठोकाठोक ऐकू यायची, जेवायला हाक मारली की काळ्या हाताने यायचा, आणि माझं ठरलेलं वाक्य असायचं, "परीक्षा कधी आहे?" त्याने ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेऊन सिलिंडर तीस थाऊ मोठे करून आणले, नवे फोर्ज्ड पिस्टन, नव्या रिंगा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पिंपरीच्या शॉप फ्लोअरवर आम्ही हाच शब्द वापरायचो. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कुणाकडून तरी वापरलेला सुपरचार्जर मिळाला. तो पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. घोडे एकदम चारशेच्या आसपास गेले. ब्रेक मात्र १९८९चेच राहिले, पुढे छोट्या डिस्क आणि मागे ड्रम.

२०२१च्या ऑगस्टमध्ये एका रात्री दीड वाजता फोन आला. "बाबा, रागावू नका. ट्रेलर मिळेल का?"

टर्नपाइकच्या एक्झिट आठ-एच्या भोवती मैलोन्मैल गोदामं आहेत ते तुम्हाला माहीत आहे. रात्री तिथले रस्ते रुंद, सरळ आणि मोकळे असतात. मी पोचलो तेव्हा मुलगा अंगाची घडी करून कठड्यावर बसला होता. गाडीच्या बॉनेटमधून अजून निळा धूर येत होता आणि रस्त्यावर तेलाची रांगोळी पडली होती. बाकीची मुलं निघून गेली होती. समोर दीडशे फुटांवर गोदामाच्या फाटकातून एक अठरा चाकी ट्रक रस्त्यावर येत होता, शांतपणे, दिवे लावून. त्या ड्रायव्हरला काय कल्पना, वीस मिनिटांपूर्वी त्याच जागेवरून दोन गाड्या शंभर मैलांच्या वेगाने जाणार होत्या. त्यातली एक मध्येच बंद पडली म्हणून गेल्या नाहीत.

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. त्याच्या आईने मात्र सगळे शब्द बोलून घेतले.

रविवारी मी खाली गेलो. गाडी विकायला काढायची तर निदान काय मोडलंय ते कळायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. हेड उतरवलं. सात नंबरच्या पिस्टनचा वरच्या दोन रिंगांमधला कड तुकडा पडून गेला होता, आणि वरच्या रिंगेची दोन्ही टोकं आरशासारखी चकाकत होती. ते पाहिलं आणि मला घाम फुटला. कारण ते मी ओळखलं.

पिस्टनची रिंग ही अखंड कडी नसते. तिच्या दोन टोकांमध्ये मुद्दाम फट ठेवतात, कारण गरम झाल्यावर रिंग लांबते आणि तिला वाढायला जागा लागते. सुपरचार्जर किंवा टर्बो लावला की सिलिंडरमध्ये उष्णता वाढते, म्हणून फटही जास्त लागते. चार इंचांच्या सिलिंडरला साध्या रस्त्यावरच्या इंजिनात वरच्या रिंगेला साधारण १८ थाऊ पुरतात. हवा कोंबायची असेल तर २४च्या आसपास ठेवतात. फरक सहा थाऊंचा, म्हणजे प्रिंटरच्या दीड कागदाइतका. फट कमी पडली की टोकं एकमेकांना भिडतात. रिंगेला जायला जागा उरत नाही, ती सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनचा कड उपटून काढते. मग जळलेला वायू खाली तेलाच्या टाकीत शिरतो आणि तेल मिळेल त्या भोकातून बाहेर येतं. रस्त्यावरची ती रांगोळी.

मी विचारलं, "ही गॅप कुणी ठेवली?"

"मशीन शॉपच्या कागदावर होती तीच. तेव्हा ब्लोअर लावायचा विचार नव्हता."

"मग नंतर लावताना मला का नाही विचारलंस? मी चार वर्षं दुसरं काही केलेलं नाही. फीलर गेज घेऊन रोज शेकडो रिंगा..."

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इथे फक्त दूध न्यायला येता."

वाचकहो, या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा महिने तो माझ्या पायाखाली इंजिन बांधत होता. मला जे येतं नेमकं तेच त्याला हवं होतं आणि मी वरून परीक्षेच्या तारखा विचारत होतो. आपली पिढी इथे कष्टाने हातातलं पाना सोडून कीबोर्डवर आली. पोराच्या हातात पुन्हा पाना दिसला की आपल्याला वाटतं, एवढं सगळं केलं ते वाया गेलं. मला तरी तसं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटत होता.

गाडी विकली नाही. पण दुसरं इंजिन बांधायचं तर माझ्या हिशेबाने, असं ठरलं. हा हिशेब तरुण वाचकांनी जरा लक्ष देऊन वाचावा. आईबाबांना समजावून सांगायलाही तो उपयोगी पडेल.

पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, किती सेकंदांत जाईल याचा अंदाज काढायची एक जुनी रीत आहे. गाडीचं ड्रायव्हरसकट वजन पौंडांत घ्या, त्याला हॉर्सपॉवरने भागा, घनमूळ काढा आणि ५.८२५ने गुणा. आमच्या गाडीचं वजन माणसासकट ३,३८० धरलं. मूळच्या २२५ घोड्यांना उत्तर येतं १४.४ सेकंद. ३६०ला १२.३. ५००ला ११.०. आणि ३६०चे दुप्पट करून ७२० केले तर ९.७५. सगळी गंमत त्या घनमुळात आहे. ताकद दुप्पट केली तरी वेळ अडीच सेकंदांनीच कमी होते. बारा सेकंदांची गाडी अकरावर आणायला तीस टक्के जास्त ताकद लागते, आणि अकराची दहावर आणायला तेहतीस टक्के. पायरी तेवढीच, पण दर वेळी जिना महाग होत जातो.

आणि खर्च फक्त इंजिनाचा नसतो. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची मुख्य संघटना, एनएचआरए, तिचे नियम या आकड्यांशी बांधलेले आहेत. १३.९९ किंवा त्याहून कमी वेळेला हेल्मेट. आमच्यासारख्या जुन्या गाडीला ११.४९पासून रोल बार. ९.९९पासून पूर्ण पिंजरा, म्हणजे डोक्याच्या चहूबाजूंनी पोलादी नळ्या. हे नियम कुणा कारकुनाने बसून लिहिलेले नाहीत, अपघातांतून शिकून झालेले आहेत. आता विचार करा. पिंजऱ्याची गाडी हेल्मेट घालून ट्रॅकवर सुरक्षित आहे. तीच गाडी सोमवारी सकाळी हेल्मेटशिवाय कामाला नेली आणि कुणी मागून हलकेच धडक दिली, तर डोकं त्या नळीवर आपटतं. म्हणजे सातशे घोड्यांची गाडी रस्त्यावर कायद्याने चालेलही, पण ती खरी रस्त्यावरची राहत नाही. मुलांनो, तुम्ही "स्ट्रीट कार" म्हणता ना, मग त्या पहिल्या शब्दाचाही मान ठेवा.

आमच्या इंजिनाला आणखी एक मर्यादा आहे. त्या काळातला कारखान्याचा पाच लिटरचा ब्लॉक पातळ आहे. पाचशे हॉर्सपॉवरच्या आसपास तो मधोमध, क्रँकच्या बेअरिंगपासून वर, उभा चिरतो. हे या गाडीवाल्यांत सर्वांना ठाऊक आहे. तरी दर वर्षी कुणीतरी "माझा टिकेल" म्हणून टर्बो लावतो. लांब स्ट्रोकची क्रँक घालून त्याचे ३४७ घन इंच करता येतात, पण ब्लॉक तोच राहिला तर चिरायची जागाही तीच राहते.

म्हणून आम्ही ३६० घोडे ठरवले आणि त्यासाठी कामांचा क्रम उलटा लावला. आधी लगीन ब्रेकचं. १९९४नंतरच्या मस्टँगचे मोठे ब्रेक या गाडीला बसतात. त्यासाठी चार नटांची चाकं जाऊन पाच नटांची येतात आणि मागचे ड्रम जाऊन डिस्क येतात. हिवाळाभर तेच काम केलं. चिरंजीव कुरकुरत होते, "बाबा, याने एक हॉर्सपॉवर वाढत नाही." मी म्हणालो, "ब्लोअरने वाढली होती."

मग इंजिन. भंगारातून १९९०च्या दशकातल्या एक्स्प्लोररचा पाच लिटर आणला, कारण फोर्डने तोच इंजिनाचा घराणा त्या एसयूव्हीतही घातला होता. ब्लोअर विकून टाकला. त्याच्या पैशांत ॲल्युमिनियमची हेड आली, कारण मूळच्या हेडची तोंडं एवढी अरुंद असतात की इंजिनाचा श्वासच कोंडतो. कॉम्प्रेशन दहाच्या आतबाहेर ठेवलं, म्हणजे पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर चालतं. (न्यू जर्सीत आपण स्वतः पेट्रोल भरत नाही, तेव्हा भरणाऱ्या माणसाला "प्रीमियम" हे मात्र मोठ्याने सांगा.) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवले. ते काढणं फेडरल कायद्याविरुद्ध आहे, आणि शेजाऱ्यांनाही नाक असतं.

आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते कॅमशाफ्टवरून. त्याला मोठा कॅम हवा होता, कारण त्याने उभ्या गाडीत इंजिन डुगडुग करतं, तो आवाज या मंडळींना भीमसेनांच्या खर्जासारखा वाटतो. पण मोठ्या कॅममुळे आयडलला इंजिनातला व्हॅक्यूम पडतो, आणि पावर ब्रेकचा बूस्टर नेमका त्याच व्हॅक्यूमवर चालतो. म्हणजे इंजिन जेवढं रांगडं, तेवढं ब्रेकचं पेडल दगडासारखं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी स्वतःच मधला कॅम मागवला.

रिंगा मात्र मी घातल्या. एकेक. चोवीस वर्षांनी फीलर गेज हातात घेतलं, चष्मा लावून. तो शेजारी उभा राहून वहीत आकडे लिहीत होता.

परीक्षा कुठे घ्यायची तेही मीच ठरवलं: जुलैच्या शनिवारी दुपारी ओक ट्री रोड. त्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून पाऊण तास उभी राहून जिचं तापमान चढत नाही, ती गाडी रस्त्यावरची. पास झाली. सौभाग्यवतींनी मागच्या हॅचमध्ये आंब्याच्या चार पेट्या ठेवल्या.

आता राहिला मोठा प्रश्न: घोडे पळवायचे कुठे?

तुमच्यापैकी बरेच जण ओल्ड ब्रिज, मनालापन, मार्लबरो या भागात राहता. इंग्लिशटाउनचं रेसवे पार्क तुम्हाला ठाऊक असेल, निदान त्याचा आवाज तरी. १९६५पासून तिथे ड्रॅग रेस होत असत आणि देशभरातून लोक येत. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या ड्रॅग रेस कायमच्या बंद झाल्या. दक्षिणेकडचा ॲटकोचा ट्रॅक १९६०चा, तोही २०२३ मध्ये बंद झाला. इंग्लिशटाउन बंद झालं तेव्हा आपल्याच काही मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मी ऐकला आहे, आणि त्यात मीही होतो. रविवारची झोप मिळणार होती ना. पण गाड्या बंद झाल्या नाहीत, मुलंही झाली नाहीत. रेसवे पार्क आमच्या घरापासून वीस मिनिटांवर होतं. ते चालू असतं तर माझा मुलगा एक्झिट आठ-एला गेलाच नसता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण त्याला जायला दुसरी जागा होती, एवढं तरी म्हणता आलं असतं.

वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात एनएचआरए काढली तीच मुळी पोरांना रस्त्यावरून उचलून ट्रॅकवर आणण्यासाठी. ट्रॅकवर काय असतं? दोन्ही बाजूंना भिंत. पुढे थांबायला लांब मोकळी जागा. रुग्णवाहिका. तुमची गाडी आधी तपासून पाहणारा एक खडूस माणूस, आणि मुख्य म्हणजे फाटकातून ट्रक येत नाही. आम्ही आता वॉरन काउंटीत ग्रेट मेडोजच्या आयलँड ड्रॅगवेला जातो. कधी पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळच्या मेपल ग्रोव्हला. दिवसाची फी चौघांच्या बाहेरच्या जेवणाहून कमी पडते.

२०२२च्या उन्हाळ्यात माझे वडील आले होते, वय ८१. त्यांनाही नेलं. मला वाटलं आवाजाने कंटाळतील. ते कुंपणाला धरून उभे राहिले, दिव्यांचा खांब पिवळा-हिरवा होताना पाहिला, दोन गाड्या गेल्या, टोकाला फळ्यावर सेकंद उमटले. त्यांनी वळून विचारलं, "एकेकाची सेकंदं वेगळी धरत्यात का?" मी हो म्हणालो. "म्हंजी घाटच की रं!"

आंबेगाव-जुन्नर-खेडकडचे वाचक हसतील. आमच्याकडे बैलगाडा घाटावर पळतो, आणि घड्याळाच्या सेकंदांवर नंबर लागतो. सगळ्यात कमी वेळ लावणारा घाटाचा राजा. वडिलांनी त्यानंतर नातवाला असे प्रश्न विचारले, जे मी दोन वर्षांत विचारले नव्हते: सुटताना मागचं चाक घसरतं का, खुराक काय देतोस, पळाल्यावर थंड किती वेळ करतोस. नातवाचं मराठी तोकडं, आजोबांना इंग्रजी येत नाही. तरी तासभर बोलत होते. मस्टँगला खिल्लारीची उपमा त्यांनी दिली ती तिथेच.

तिथेच त्यांनी एक गोष्ट सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर उठली. मधल्या वर्षांत शर्यती थांबल्या होत्या का? चोरून व्हायच्या, पहाटे, आडरानात, पोलिसांच्या गाडीचा आवाज आला की पळापळ. डॉक्टर नाही, कुंपण नाही. मला मान्य आहे, तिथे प्रश्न मुक्या जनावराच्या हालांचा होता आणि तो खोटा नव्हता. गाडीला दुखत नाही, त्यामुळे तुलना तंतोतंत लागू नाही. पण नुसतं फाटक लावल्याने शर्यत संपत नाही, हे दोन्हीकडे खरं ठरलं.

याला एक आक्षेप मला आमच्या घरातच रोज ऐकावा लागतो. सौभाग्यवतींचं म्हणणं असं की हे सगळं ठीक आहे, पण तुम्ही पोराच्या वेगाच्या वेडाला खतपाणी घालताय. शंभर मैलांची चव ट्रॅकवर लागली की ती रस्त्यावर उतरणारच. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगू शकतो की ट्रॅकवर जायला लागल्यापासून तो रस्त्यावर हळू चालवतो. कदाचित वय वाढलं म्हणून असेल. आणि हेही कबूल करतो की प्रत्येक मुलाला हे द्यावं असं नाही. ज्याला आधीच वेगाचे दोन तिकिटं झाली आहेत, जो पिऊन चालवतो, त्याच्या हातात ३६० काय, १६० घोडेही नकोत. त्याला आधी बसचा पास द्या. आणि ट्रॅकवर जाण्याआधी आपली इन्शुरन्स पॉलिसी उघडून शर्यतीबद्दल तिच्यात काय लिहिलं आहे ते वाचा. तिथे काही झालं तर सहसा ती कंपनी तुमची नसते.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे, मागे तोंडी केली होती तेव्हा हसण्यावारी गेली. आपण क्रिकेटची स्पर्धा घेतो, हायकिंग नेतो, सफरचंदं तोडायला बस काढतो. वर्षातून एक शनिवार ग्रेट मेडोजला काढा. आपल्यात पिंपरी-चिंचवडला, भोसरीला, नाशिकला, औरंगाबादला शॉप फ्लोअरवर घाम गाळलेले किती काका आहेत ते मोजा. आणि ड्राइव्हवेत जुनी गाडी झाकून ठेवलेली किती मुलं आहेत तेही मोजा. दोघांची ओळख करून द्यायची, एवढंच काम. मुलींनाही न्या. टॉप फ्युएलमध्ये, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात वेगवान वर्गात, शर्ली मल्डाउनी यांनी १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा विजेतेपदं घेतली आहेत, तीही अशा काळात, जेव्हा बाईला लायसन्स द्यायलाच लोक तयार नव्हते. त्या दिवशी जेवणाला पिठलं-भाकरी आणि ठेचा मी आणतो.

आणि वहिनी, तुमच्या घरचं: तुमच्या यजमानांना सांगा, मुलाला "इंजिन कशाला?" असं विचारू नका. "रिंग गॅप किती ठेवलीस?" असं विचारा. त्याला उत्तर आलं तर बरंच. नाही आलं तर दोघांनी मिळून शोधायला एक हिवाळा पुरतो. पैसे मागितले तर इंजिनासाठी देऊ नका, ब्रेक, टायर, पट्टे आणि हेल्मेट यांसाठी द्या. इंजिनाचे त्याने त्याचे जमवावेत. हौसेला स्वतःचा घाम लागला की हिशेब नीट राहतो.

आमच्या गाडीचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला आकडा १२.४१ आहे. सूत्राने १२.३ दिलं होतं. उरलेला दशांश ड्रायव्हरचा, असं मी म्हणतो, आणि ड्रायव्हर म्हणतो की तो इंजिन बांधणाऱ्याचा.

अर्थात प्रकरण इथे थांबलेलं नाही. चिरंजीव आता पंचवीसचे आहेत, स्वतः कमावतात, आणि त्यांना पाचशे घोडे हवे आहेत. बाजारात मिळतो तो जाड भिंतींचा ब्लॉक, ३४७ची क्रँक, सगळी यादी तयार आहे. मी वाद घालायच्या तयारीने खाली गेलो. गॅरेजमध्ये एक लांबलचक खोका पडला होता. मी विचारलं, "ब्लॉक आला वाटतं?"

"नाही बाबा. रोल बार. अकराच्या आसपास जाणार म्हणजे तो लागणारच, मग आधी तोच घेतला. पॅडिंगही आहे. ब्लॉकचे पैसे जमायला पुढची दिवाळी उजाडेल."

एवढ्यात दूध न्यायला सौभाग्यवती आल्या. खोक्याकडे पाहिलं, गाडीत डोकावून पाहिलं, आणि विचारलं, "हे बसवल्यावर मागची सीट राहते का?"

नाही म्हणाला.

"मग आंब्याच्या पेट्या?"

हॅचमध्ये किती मावतात ते पाहायला टेप घेऊन तो आत शिरला आहे. मी बाहेर उभा राहून आकडे लिहून घेतो आहे.